हिवाळा चिमुकल्या हातांत

डिसेंबरच्या आरंभी आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणाऱ्या घरांत त्यापूर्वीच जेवणे आटोपतात, ओटा पुसून होतो आणि घड्याळात जेमतेम साडेसहा वाजलेले असतात. उल्हासनगरच्या बाजारपेठेतील किंवा अंबरनाथ-बदलापूरच्या स्थानकांलगतची दुकाने मात्र रात्री नऊपर्यंत चालू राहतात. घरातील पुरुष मंडळी गल्ल्यावर, आजी प्रतिक्रमणात आणि आई उद्याच्या डब्यांच्या तयारीत. उरते ते तीन-चार वर्षांचे मूल. उन्हाळ्यात सात वाजून गेले तरी सोसायटीच्या आवारात हुंदडणारे हे मूल आता अंधार आणि गारठा यांमुळे घरात कोंडले जाते. झोपेपर्यंतचे दोन-अडीच तास त्याच्या हाती काय असते, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दोन ते चार वर्षांच्या मुलाने एका जागी बसून पडद्यापुढे घालवायचा वेळ दिवसाला एका तासाहून अधिक नसावा, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या घरातील एक हिवाळी सायंकाळच ही मर्यादा सहज ओलांडते.

यावर उपाय शोधणाऱ्या आयांची संख्या वाढत आहे, ही समाधानाची गोष्ट. परंतु ‘बालकांसाठी हिवाळी उपक्रम’ शोधू जाता जे हाती लागते ते पाहावे! कापसाचा हिममानव, दाढीच्या फेसाचा बर्फ, बर्फाच्या लाद्यांत गोठवलेली खेळणी, बटाट्याच्या ठशांनी रंगवलेले हातमोजे. आनंदनगरच्या मुलाने आकाशातून हिम पडताना पाहिलेले नाही आणि हातमोजे त्याने बहुधा चित्रातच पाहिले आहेत. शिवाय आपल्या घरांत बर्फ हा बावीस अभक्ष्यांपैकी एक आणि बटाटा तर कंदमूळ. म्हणजे निम्मे उपक्रम आपल्या हवेला परके आणि उरलेले आपल्या स्वयंपाकघराला. मग आई एकतर नाद सोडते, किंवा दुकानातून थर्माकोलचे गोळे आणि चमकी भरलेला तयार संच घेऊन येते. तो संच मुलाला दोन दिवस पुरतो आणि घरातील केरसुणीला दोन महिने.

या उपक्रमांचे सामान आपल्या कामाचे नसले, तरी त्यांमागील विचार मात्र खरा आहे. लहान मूल जग समजून घेते ते स्पर्शाने, वासाने, आवाजाने. शब्द त्यानंतर येतात. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह उघडले, तेव्हा त्यांच्या साधनांत खरखरीत व गुळगुळीत फळ्या होत्या, डोळे बांधून ओळखायचे कापडाचे तुकडे होते आणि हाताला कमी-अधिक गार लागणाऱ्या धातूच्या, लाकडाच्या व लोकरीच्या पट्ट्याही होत्या. हा विचार आपल्या भागात आला तो भावनगरमार्गे. गिजुभाई बधेका यांनी वकिली सोडून तेथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले, पुढे ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाची ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघाली, नंतर मराठीत. आपल्यापैकी अनेकांच्या घरी या दोन्ही भाषा नांदतात, त्यांना हा क्रम आपलासा वाटेल.

ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार काढले आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना सहकारी म्हणून लाभल्या. बोर्डी तेव्हा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ मध्ये. माँटेसरींची आखीव, महागडी साधने खेड्यातील आणि आदिवासी पाड्यांवरील मुलांसाठी परवडणारी नव्हती. म्हणून या दोघींनी शंख-शिंपले, बिया, काटक्या, खडे आणि पाने यांनाच साधने केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर रुळलेला शब्द या कामातून आला. हे कार्य पुढे कोसबादच्या टेकडीवर स्थिरावले.

बोर्डीच्या अंगणात जे समुद्राने आणि झाडांनी दिले, ते व्यापारी घरात दुकान, कोठी आणि स्वयंपाकघर देते. हिवाळ्यात तर विशेषच.

खोबरेल तेलापासून आरंभ करू. हे तेल सुमारे २४ अंश सेल्सिअसखाली थिजते, आणि अंबरनाथ-बदलापूरकडील हिवाळी रात्र याहून पुष्कळ गार असते. रात्री एका पसरट स्टीलच्या ताटलीत बोटाच्या पेराहून कमी उंचीचे तेल ओतून ती खिडकीपाशी झाकून ठेवावी. सकाळी ते पांढरेशुभ्र, अपारदर्शक आणि घट्ट झालेले असते. मुलाला काहीही न सांगता ताटली समोर ठेवावी. ते प्रथम एक बोट लावील, मग दाबील. बोट उचलले की खळगा राहतो आणि खळग्यात पारदर्शक थेंब जमतो. हा थेंब कोठून आला? उत्तर देण्याची घाई करू नये. चार-पाच दिवसांत मूल आपणहून तळवा टेकवून बसते, फुंकर मारून पाहते, ताटली उन्हात नेऊन ठेवते. ऊन लागलेल्या बाजूचे तेल पातळ होते आणि सावलीतले तसेच राहते, ही गोष्ट त्याने स्वतः शोधलेली असते. थिजलेल्या तेलावर बोटाने रेघोट्या ओढता येतात, चमच्याच्या दांड्याने नक्षी काढता येते, आणि ती दहा वाजेपर्यंत विरून जाते. उरलेले तेल डोक्याला लावावे. नाहीतरी थंडीत मालीश व्हायचीच असते, त्यामुळे अपव्यय असा काही होत नाही.

यातून शब्द किती येतात, तेही पाहण्यासारखे आहे. पाणी गोठते, तेल-तूप थिजते, साखर विरघळते, लोणी वितळते. आजी तुपाच्या बरणीकडे पाहून गुजरातीत ‘घी ठरी गयुं’ म्हणेल, आई मराठीत म्हणेल, आणि मूल दोन्ही उचलील. चित्राच्या पुस्तकातून ‘थंड’ आणि ‘गरम’ हे दोनच शब्द शिकलेल्या मुलाला गार, थंडगार, कोमट, ऊबदार आणि कढत यांतील फरक सांगता येत नाही. पितळी डबा, लाकडी पाट आणि लोकरी शाल रात्रभर एकाच खोलीत ठेवून सकाळी तिन्हींवर त्याचा हात ठेवावा. तिन्ही वस्तू सारख्याच गार असतात. परंतु पितळ हाताची ऊब चटकन ओढून घेते, म्हणून ते अधिक गार भासते. हे कारण चार वर्षांच्या मुलाला कळणार नाही. तेथे हात अधिक वेळ ठेववत नाही एवढे कळले, तरी आत्ता पुरे.

कापडाच्या बाबतीत तर आपला हात कोणी धरू शकणार नाही. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळालेले हे शहर कापडासाठी आणि जीन्सच्या शिलाईसाठी ओळखले जाते. दुकानात ठाणांचे नमुने आणि कात्रीखाली निघालेले तुकडे रोज साठतात. मखमल, फ्लॅनेल, मांजरपाट, डेनिम, लोकर, साटीन असे आठ-दहा प्रकार घ्यावेत (रेशीम आपण वापरत नाही, ते वगळावे) आणि प्रत्येकाचे हाताच्या पंजाएवढे दोन-दोन चौकोन कापावेत. मूल डोळे मिटून जोड्या लावते. आरंभी तीनच जोड्या द्याव्यात. एकदम दहा दिल्या तर ते सगळे भिरकावून देईल आणि त्यात त्याचा दोष नाही. दुकानातून आलेल्या वडिलांनी नऊ वाजता त्याच्यासमवेत डोळे मिटून ही परीक्षा द्यावी. जन्मभर कापड हाताळलेला माणूस बोटांनी पोत कसा ओळखतो, हे मुलाने पाहण्यासारखे असते, आणि वडील कधीकधी चुकतात तेव्हा त्याला होणारा आनंद काही औरच! उरलेले तुकडे पुठ्ठ्यावर खळीने चिकटवून छोटी गोधडी होते. खळ घरीच मैद्याची करावी आणि त्याच दिवशी संपवावी.

अन्नधान्य खेळायला द्यावे काय, असा प्रश्न अनेक आजीबाई विचारतात आणि तो रास्त आहे. ज्या घरात धान्याचा दाणा पायाखाली येऊ दिला जात नाही, तेथे डाळ-तांदूळ रंगवून ताटात ओतणे खटकणारच. माझ्या मते याचे उत्तर साधे आहे. खेळासाठी धान्य काढू नये. धान्याच्या कामात मुलाला बसवावे. मटार, तुरीच्या शेंगा आणि पावटा यांचा हाच हंगाम. शेंग कोठे दाबली की ‘टक्’ करून उघडते, हे बोटाने शोधावे लागते. लेखणी धरण्यापूर्वी अंगठा आणि तर्जनी यांच्यात जे बळ यायला हवे, ते अशा कामातून येते. एका वाडग्यात दाणे, दुसऱ्यात सालपटे. आणि शेंगेत अळी निघाली तर? आपल्याकडे शेंगा जयणेने, एकेक उघडून पाहून सोलतात ते याचसाठी. मुलाने किंचाळण्याची गरज नाही आणि मोठ्यांनीही. अळी सालपटासकट अलगद कुंडीतल्या झाडापाशी नेऊन ठेवण्याचे काम मुलाकडे द्यावे. ती कशी चालते, तिला पाय किती, ती हिरवीच का, हे प्रश्न ते विचारील. प्राणिशास्त्राचा याहून जवळचा पाठ शिशुवर्गात मिळणे कठीण.

गहुलीचेही असेच. अक्षतांचा स्वस्तिक, त्यावर ज्ञान, दर्शन आणि चारित्र्य यांच्या तीन पुंजी, त्याहून वर सिद्धशिलेची कोर. ही रचना मूल दर्शनाला जाताना पाहतेच. घरी पाटावर मूठभर तांदूळ घेऊन प्रथम अखंड आणि तुटके दाणे वेगळे करायला सांगावे, कारण अक्षत म्हणजे न मोडलेला दाणा. मग आईने खडूने रेघ ओढून द्यावी आणि मुलाने त्यावर दाणे मांडावेत. वळणे वाकडी होतील. होऊ द्यावीत. हे सरावाचे तांदूळ वेगळे असावेत आणि नंतर निवडून पक्ष्यांना घालावेत. आई सामायिकास बसली असता शेजारी मूल हे करीत बसले, असे चित्र फार सुंदर वाटते. परंतु सामायिक ४८ मिनिटांचे असते आणि चार वर्षांच्या मुलाची बैठक दहा-पंधरा मिनिटांची. बाकीच्या वेळेची सोय आजोबांकडे करून ठेवावी.

रंगकामाविषयी थोडक्यात. बटाट्याऐवजी भेंडीचे जून देठ आडवे कापले तर पाच पाकळ्यांची चांदणी उमटते आणि कारल्याच्या टोकाचे दंतुर चक्र. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी रंगात बुडवून उठवली तर धुक्यासारखा ठसा येतो. हळदीच्या पाण्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकली की पिवळा रंग तांबूस होतो, आणि हे पाहताना मुलांचे डोळे जितके विस्फारतात तितके बाजारातल्या कोणत्याही रंगपेटीने विस्फारत नाहीत. देशी बदामाची पाने थंडीच्या उत्तरार्धात लाल होऊन गळतात. ती रस्त्याकडेला विपुल मिळतात. झाडावरून तोडण्याचे कारणच नाही. गळालेले पान कागदाखाली ठेवून वरून मेणखडू आडवा फिरवावा, शिरान्‌शिरा उठते. गुलमोहराची वाळून पडलेली शेंग हलवली की खुळखुळते. दवही जरूर दाखवावे, मात्र गवत न तुडवता, कडेला उभे राहून.

दिवेलागणीनंतरच्या अंधाराचाही उपयोग आहे. खोलीतला मोठा दिवा मालवून भिंतीवर विजेरीचा झोत टाकावा. हात जवळ नेला की सावली मोठी, दूर नेला की लहान. चाळणीतून उजेड सोडला की भिंतीवर चांदण्या. आजोबांना हरीण आणि ससा करता येत असेल तर उत्तमच. नसेल येत, तर मूलच नवा प्राणी शोधून काढील आणि त्याचे नावही ठेवील.

संक्रांत जवळ आली की तीळ येतात. आपल्या अनेक घरांत फाल्गुनी चौमासीनंतर तीळ वर्ज्य होतात, त्यामुळे तिळाचा वास हा मुलाच्या स्मरणात खऱ्या अर्थाने हिवाळ्याचा वास असतो. कच्चे तीळ हुंगावेत, मग आईने भाजताना दूर उभे राहून तडतड ऐकावी, मग भाजलेले हुंगावेत. महाराष्ट्राने या ऋतूत घडवलेली एक कला मात्र आपल्या मुलांनी शेजारी जाऊन का होईना पाहायलाच हवी. ती म्हणजे हलवा. मंद आंचेवर पसरट भांड्यात तीळ घेऊन त्यांवर चमच्याचमच्याने साखरेचा पाक सोडतात आणि बोटांनी सतत फिरवीत राहतात. तासन्‌तास हे चालते. कोरड्या, थंड हवेत त्या दाण्यांवर हळूहळू पांढरे काटे फुलतात. याच हलव्याचे हार, बाजूबंद आणि मुकुट करून काळ्या झबल्यातील बाळाला घालतात आणि संक्रांत ते रथसप्तमी या काळात त्याचे बोरन्हाण करतात. बोरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे यांचा डोक्यावरून वर्षाव होतो, आणि जमलेली मुले ते वेचायला धावतात. स्पर्श, वास, आवाज, चव आणि रंग एकाच वेळी देणारा याहून सरस हिवाळी उपक्रम कोणत्याही परदेशी यादीत नाही. शेजाऱ्यांकडून बोलावणे आले तर अवश्य जावे. जी कुटुंबे बोरे तुच्छफळ म्हणून घेत नाहीत, त्यांच्या घरी नुसते चुरमुरे उधळले तरी मुलाचे काही अडत नाही.

एक सावधगिरी मात्र गंभीरपणे घ्यावी. चार वर्षांखालील मुलाच्या घशात शेंगदाणा, हरभरा, मणी किंवा कडक हलवा अडकू शकतो, आणि श्वास कोंडला तर वेळ फार थोडा असतो. बोरन्हाणाच्या गर्दीत एक मोठे माणूस केवळ मुलांच्या तोंडाकडे लक्ष ठेवण्यासाठी असावे. घरी शेंगा सोलताना, दाणे मांडतानाही हाच नियम. मूल त्या कामात रमले म्हणून उठून फोन घ्यायला जाऊ नये. हळदीच्या प्रयोगात चुन्याची निवळी कोणी सुचवील. चुना डोळ्यांना घातक आहे, तो मुलांच्या खेळात नको.

हवेबाबतही सांगायला हवे. थंडीच्या पहाटे गार हवा जमिनीलगत अडकते आणि धूर वर जात नाही. आनंदनगरची औद्योगिक वसाहत आणि वाहता रस्ता ज्यांच्या जवळ आहे, त्यांनी मुलांना सकाळी सातच्या धुरकट गारठ्यात ‘निसर्गभ्रमणास’ नेण्यापेक्षा ऊन चढल्यावर नेलेले बरे. पाने वेचायला दहाचे ऊन उत्तम. पतंगाचे म्हणाल तर पतंगी कागद आणावा, त्याच्या झिरमिळ्या आणि खिडकीवरच्या रंगीत काचा कराव्यात. मांजा घरात येऊ नये. त्याने कापलेल्या पंखांचे पक्षी दर संक्रांतीला उपचारांसाठी आणले जातात.

शेवटी शाळेविषयी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला. तरीही अनेक शिशुवर्गांत डिसेंबरात पालकांना निरोप येतो, ‘उद्या हिममानव करून आणा’. तो आई रात्री अकरा वाजता करते, सकाळी मूल फक्त वाहून नेते, आणि भिंतीवर ओळीने तीस एकसारखे हिममानव टांगले जातात. पालकसभेत एवढे विचारावे, की यांतले मुलाच्या हाताने काय झाले? विचारताना बाईंवर रोष धरू नये. पुष्कळदा त्यांच्यावर भिंत भरण्याचा दबाव आपणच पालक आणत असतो, कारण आपल्याला छायाचित्र हवे असते. शाळेला एक पिशवी कापडाचे तुकडे, गुलमोहराच्या शेंगा आणि दोन घोसाळी नेऊन द्यावीत. व्यापारी घराला हे सहज जमते. बाईंनी त्यांचे काय केले, हे आठवड्याने मुलालाच विचारावे, आणि त्याने सांगताना हात कसे हलवले ते पाहावे.